खानदेशात चक्की आली तेव्हा

मार्च-एप्रिल म्हणजे जळगावच्या जिनांचा, म्हणजे सरकी काढणाऱ्या कारखान्यांचा, ऐन हंगाम. कापसाच्या गाड्या रिकाम्या होतात न होतात तोच मागच्या गाड्या दाराशी येऊन थांबत. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांविषयी साक्षी झाल्या, म्हणून या हंगामाचे वर्णन कागदावर राहिले. गर्दीच्या दिवसांत यंत्रे रात्रंदिवस चालतात, संध्याकाळी अर्ध्या तासाची सुट्टी मिळते, आणि तीच माणसे सलग आठेक दिवस काम ओढतात. पुढे ओढवत नाही म्हणून दुसरी आणावी लागतात. ही माणसे म्हणजे बहुतेक बायका. मजुरी दिवसाला तीन-चार आणे. हे सांगणारा कामगारांचा कैवारी नव्हता, जिन चालवणाऱ्यांपैकीच होता. त्यामुळे त्यात तिखटमीठ लावले असेल असे मानायला जागा नाही.

आठ दिवस बाई जिनात, मग घरी दळत कोण होते? पाणी कोण भरत होते? अंगावर पिणारे मूल कुठे होते? कमिशनला कारखान्याचे तास मोजायचे होते, चुलीचे नाही. पण खानदेशच्या गेल्या दोनशे वर्षांकडे या प्रश्नांच्या बाजूने पाहिले की कापूस, रेल्वे, केळी या नेहमीच्या गोष्टींचा अर्थ बराच बदलतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा मुलूख उजाड होता. होळकर-शिंद्यांच्या फौजा, पेंढारी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे उठवली होती. पांढरीवर बाभळी माजल्या होत्या, तापीकाठी वाघांचा उपद्रव होता, सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल कोणाच्याच कह्यात नव्हते. पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज याला राज्य मिळाले, रयत मिळाली नाही. १८२५ मध्ये आलेल्या जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, रस्ते जरा सुरक्षित झाले, आणि पडीक जमीन सवलतीने देऊन कुणब्यांना परत बोलावणे सुरू झाले. काळी कसदार जमीन हवी तेवढी, तोटा हातांचा. असल्या मुलखात हात मिळवायचे दोनच मार्ग: बाहेरून आणायचे किंवा घरात जन्माला घालायचे. सून आणणे हाही हात आणण्याचाच प्रकार. कितीतरी कष्टकरी जातींत तेव्हा मुलीच्या बापाला देज द्यावे लागे, हुंडा नव्हे. घरातले दोन हात जात आहेत, त्यांची भरपाई, असा तो रोकडा हिशेब होता. त्याला उगाच उदात्त करण्याचे कारण नाही. बाई कामाची आहे हे मात्र त्या हिशेबात धरलेले होते.

ती किती कामाची होती, हे खटल्याच्या घरातली पहाट सांगते. दहा-बारा माणसांच्या भाकरीला लागणारे पीठ रोज दळायचे. दादर ज्वारीचे पीठ शिळे झाले की भाकरी नीट थापता येत नाही, म्हणून चार दिवसांचे एकदम दळून ठेवण्याची सोय नाही. दोघी जावा समोरासमोर बसत, एकीचा हात खुंट्याला वर, दुसरीचा खाली. मोकळ्या हाताने एकजण वैरण घाली. बाळंतीण वगळता सुटका कोणाची नसे, पोटुशीचीही नाही. पाळूचे दात बोथटले की पीठ भरड येई. मग दारावर जाते टाकून देणारी वडारीण आली की तिच्याकडून टाकी मारून घ्यायची. नव्याने टाकलेल्या जात्याचे पहिले पीठ कचकच लागते, ते गुरांच्या आंबोणात जाई. एवढे उरकून मग आड किंवा नदी, शेण, चूल, आणि उन्हे वर यायच्या आत शेताची वाट.

कापसाचे कामही घरचेच होते. वेचून आणलेला कापूस बायका हाताने फिरवायच्या रेच्यावर घालत, सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला. पिंजायला पिंजारी, विणायला कोष्टी-साळी, पण रेचा आणि चरखा बाईकडे. काम कंटाळवाणे खरे, तरी घरात बसून, मूल मांडीशी घेऊन, मध्येच उठून होणारे. हा मुद्दा पुढे कामाला येतो.

मुलांचे काय? पाचव्या-सहाव्या वर्षी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन फिरू लागे, म्हणजे आईचे दोन हात मोकळे. सात-आठ वर्षांचे पोर गुरे राखी, माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकी, मोटेच्या बैलांमागे धावे. कापसाचे बोंड फुटले की वेचणीला बारीक बोटे आणि न दुखणारी पाठ लागते, म्हणून वेचणी बायकांची आणि पोरांची. मोठा माणूस वाकून जे वेचतो ते पोर उभ्या-उभ्या वेचते. अशा घरात चौथे-पाचवे मूल हे खाणारे तोंड ठरत नाही. पाच-सहा वर्षांनी ते कामाला लागणारच असते.

या चौकटीत १८६० चे दशक आले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. योगायोग असा की त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ चाळीसगाव, जळगावमार्गे भुसावळला पोचले. बैलांच्या तांड्यांवरून आठवडेच्या आठवडे घाट उतरणारा कापूस आता डब्यात चढला. कलेक्टर अॅशबर्नर याने स्थानिक वाणाच्या जागी हिंगणघाटी वाण लावण्याचा ध्यास घेतला. दहा वर्षांपूर्वी, १८५२ मध्ये, याच सरकारच्या मोजणीविरुद्ध सावदा, यावल, फैजपूर, एरंडोलचे शेतकरी उठले होते. आता त्याच पट्ट्यात शेतकऱ्याच्या हाती रोकड खेळू लागली. लढाई संपताच भाव कोसळले, पण कापूस गेला नाही. वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले, १८७० च्या दशकात जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. या उद्योगामागचे मुळजी जेठा हे नाव जळगावकर आज कॉलेजमुळे घेतात.

रेचा अडगळीत पडला. इतिहासाच्या पुस्तकांत याला हस्तव्यवसायाचा ऱ्हास म्हणतात, आणि ते खरेच आहे. घराच्या आतून पाहिले तर आणखी एक गोष्ट घडली: काम संपले नाही, उंबऱ्याबाहेर गेले. जे काम मांडीशी मूल घेऊन होत होते ते आता भोंग्यावर, धुरळ्यात, यंत्रापुढे बसून करायचे. शिवाय कापसाचे रान वाढल्याने निंदणी-वेचणीही वाढली. यंत्राने सरकी काढण्याचे श्रम वाचवले ते व्यापाऱ्याचे. शेतकऱ्याच्या बायकोला त्याने जास्त रान आणि लांबचे काम दिले. मजुरीचे नाणे हातात पडू लागले, हा बदल मी कमी लेखत नाही. पण ते नाणे घरात शिरल्यावर कोणाच्या कनवटीला लागे, हे सांगायची गरज नाही.

हातांची मागणी अशी वाढत गेली आणि माणसेही वाढली. १८७२ च्या खानेसुमारीत खानदेश जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे दहा लाख होती, १८९१ मध्ये ती चौदा लाखांच्या पुढे गेली. यात बाहेरून आलेले पुष्कळ होते, तरी घरातली वाढही होती. नंतरच्या दहा वर्षांत आकडा चढण्याऐवजी थोडा खालीच आला. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० चा, खानदेशाला फार जबर बसला. त्याच्या आगेमागे प्लेग.

त्या काळच्या घरांविषयी एक ठाम गैरसमज आहे: लग्ने लहानपणी, म्हणून पोरांचे लेंढार. लग्ने लहानपणी होत हे खरे. पण लेंढार जन्मले तरी राहत नसे, आणि पुष्कळदा तेवढे जन्मतही नसे. खानदेशातली सर्वांच्या ओळखीची बाई घ्या. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये आसोद्याला जन्मल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या खटल्यात सून म्हणून आल्या, आणि तिशीतच विधवा झाल्या. पदरी तीन मुले: ओंकार, सोपानदेव, काशी. ओंकारला प्लेगने जन्माचे अपंगत्व दिले. मूल होण्याची पुढची दहा-पंधरा वर्षे वैधव्याने पुसली. त्यांची गाणी जात्यावर आणि शेतात जुळली, मुलाने आणि नातलगाने ती टिपून ठेवली आणि त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गाण्यांचे कौतुक करताना आपण एक गोष्ट सहज विसरतो. जाते, घर, शेत हे त्यांच्यासाठी काव्याचे विषय होण्याआधी दिवसाचे तास होते, आणि तेही एकट्या बाईचे.

वैधव्य हे एक कारण. दुसरे म्हणजे दोन-अडीच वर्षे अंगावर पाजणे. त्या काळात पाळी लवकर परतत नाही. तिसरे कारण अंगमेहनत. पहाटे तीनपासून राबणारे आणि कळण्याच्या भाकरीवर जगणारे शरीर दुसऱ्या गर्भाला सहजासहजी जागा देत नाही. आणि वर मरण. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे नेली. पाच-सहा बाळंतपणे होऊन दोन-तीन पोरे हाताशी लागली तर ते घर भाग्याचे. म्हणजे ज्याला आपण पारंपरिक समाजाची भरमसाट प्रजा म्हणतो, ती मरणाशी कशीबशी बरोबरी साधणारी होती.

सरकारने या बाईकडे पाहिले तेव्हा फक्त कारखान्याच्या दारातून पाहिले, आणि तेही उशिरा. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभरांहून कमी माणसे असलेल्या कारखान्यांना आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्यांना लागूच नव्हता. खानदेशच्या कितीतरी जिनांना हे अंगरख्यासारखे बेतशीर बसले. १८९१ मध्ये बायकांचे तास दिवसाला अकरावर आणले, पण हंगामी कारखाने खऱ्या अर्थाने कायद्याखाली यायला १९११ उजाडले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने देशातला पहिला प्रसूती-लाभ कायदा केला. कायदेमंडळात त्याची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तो भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा मोलाचा, पण त्याला काही महिन्यांच्या सलग नोकरीची अट होती. हंगाम संपला की घरी बसवली जाणारी जिनातली बाई त्या अटीत कशी बसणार? मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कामावर जाताना बाळाला अफूची गोळी देतात, याचा बोभाटा १९२० च्या दशकात झाला. खेड्यातल्या आया त्याआधीपासून ते करत होत्या.

आणि मग चक्की आली.

रेल्वेसारखा तिचा समारंभ झाला नाही, त्यामुळे तिची तारीख कोणत्या पाटीवर नाही. तेलावर चालणारी इंजिने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात बाजाराच्या गावांतून दिसू लागली, खेड्यापाड्यांत ती स्वातंत्र्यानंतर वीज पोचली तसतशी रुजली. नळकांड्यातून फुकफुक आवाज, थरथरणारा पट्टा, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांचा चक्कीवाला, ओळीने मांडलेले डबे. जुन्या बायकांची कुरकूर होती: चक्कीचे पीठ गरम येते, करपट लागते, भाकरीला चव नाही. पहिली काही वर्षे सणासुदीचे आणि पापड-बिबड्यांचे दळण जात्यावर आणि रोजचे चक्कीवर अशी विभागणी चाले. पण कुरकूर करणाऱ्याही डबा घेऊन रांगेत उभ्या राहिल्याच. पहाटेचे दोन-तीन तास परत मिळत होते. अशा व्यवहारात चवीला कोण विचारतो. खानदेशातल्या बाईच्या दिवसात झालेला सर्वांत मोठा बदल कोणता, असे मला विचारले तर मी रेल्वे म्हणणार नाही, कापूस म्हणणार नाही. चक्की म्हणेन, आणि तिच्या मागोमाग गावात आलेला नळ.

या वाचलेल्या तासांचे पुढे काय होते, याचा शोध जगात इतरत्र काळजीपूर्वक घेतला गेला आहे. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पावरच्या एका माया खेड्यात १९७० च्या दशकात मका दळायची गिरणी आणि पाण्याचा पंप आला. तिथल्या बायका आमच्याकडच्या बायकांसारख्याच दगडावर तासन्‌तास मका वाटत. कॅरन क्रेमर आणि गार्नेट मॅकमिलन या संशोधकांनी त्या गावातल्या बायकांच्या बाळंतपणांचा हिशेब मांडला आणि २००६ मध्ये छापला. यंत्रानंतर पहिले मूल लवकर होऊ लागले आणि कुटुंबे मोठी झाली. त्याच वर्षी इथिओपियाच्या ग्रामीण भागातला असाच अभ्यास आला: गावात नळ आल्याने पाण्याची वणवण थांबली, बायकांच्या शरीरावरचा ताण घटला, जन्म वाढले, आणि खाणारी तोंडे वाढल्याने मुलांचे कुपोषणही वाढले. विकास आला की प्रजा कमी होते, हे शाळेच्या पुस्तकातले वाक्य या गावांनी पहिल्या पावलाला तरी खोटे ठरवले.

खानदेशातही पहिले पाऊल त्याच दिशेचे होते असे मला वाटते. १९२१ नंतरच्या प्रत्येक खानेसुमारीत पूर्व आणि पश्चिम खानदेशची माणसे वाढतच गेली. (१९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले होते, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले.) यातला मोठा वाटा मरण मागे हटल्याचा आहे: देवीची लस, प्लेग ओसरणे, दुष्काळात रेल्वेने पोचणारे धान्य, आणि १९५३ पासून हिवतापाविरुद्धची डीडीटीची फवारणी. सातपुड्याच्या पायथ्याला हिवताप काय करत असे ते तिथल्या जुन्या माणसांना विचारावे. पण आईच्या अंगावरचा भार हलका होणे हाही त्यातला एक भाग असणार, आणि तो आपल्या इतिहासलेखनात कोणी मोजायला घेत नाही. शिवाय वाचलेला वेळ बाईच्या विश्रांतीला गेलाच नाही. विहिरीवर इंजिन बसले, रावेर-यावल-सावद्याकडे केळीचे बाग वाढले, घराला म्हैस आली. जात्यावरून उठलेली बाई केळीत आणि गोठ्यात दिसू लागली. काम करणारी पोरे हवीच होती.

म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवूनही लोक हलेनात, यात नवल नव्हते. १९७१ च्या सुमारास महाराष्ट्रात बाईला सरासरी साडेचारच्या आसपास मुले होत. सरकार म्हणे लोक अडाणी आहेत. महमूद ममदानी या अभ्यासकाने पंजाबातल्या माणुपूर गावावर १९७२ मध्ये पुस्तक लिहिले, त्यात या समजुतीची चांगलीच फिरकी घेतली आहे. तिथल्या लोकांनी संततिनियमनाच्या गोळ्या पाहुण्यांचे मन राखायला घेतल्या, खाल्ल्या नाहीत. एकाने तर गोळ्यांच्या डब्या रचून त्यांची शोभेची वस्तू केली होती. ज्याच्याकडे मजूर लावायला पैसा नाही त्याला पोरे हेच भांडवल, असे ममदानीचे सांगणे. आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यांच्या धैर्याला तोड नाही, पण त्यांचा वाचक पगारदार होता. ज्याला मोट हाकायला पोरगा लागत नव्हता, असा. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले, पण आणीबाणीतल्या त्या शिबिरांची धास्ती पुरुषांच्या मनातून आजवर गेलेली नाही. त्याची किंमत बायकांनी मोजली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची ‘ऑपरेशन’ झालेली आढळली. पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही.

पाळणा हलायचा थांबला तो सक्तीने नव्हे. मोट गेली, विजेची मोटर आली, बैलांमागे धावणारा पोरगा रिकामा झाला. गायरान आक्रसले, गुरे कमी झाली, गुराखी गेला. गावात शाळा होतीच, पण पोराला शाळेत धाडणे परवडू लागले ते आता. शाळेत जाणारे पोर वेचणीला मिळत नाही, उलट वह्या-पुस्तके, फी, पुढे जळगावला खोली आणि क्लास मागते. पूर्वी मुलाकडून घराकडे येणारे श्रम आता थांबले आणि घराकडून मुलाकडे पैसा वाहू लागला. जॉन काल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये नेमके हेच मांडले होते, की प्रवाहाची दिशा उलटली की जन्मदर पडतो. भवरलाल जैन यांच्या कंपनीचे ठिबक सिंचन १९८० नंतर आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे १९९० नंतर पसरली, तेव्हा बाऱ्याला पाणी धरणारे हातही नकोसे झाले. दुसरीकडे जन्मलेले मूल जगणार याची खात्री झाली होती. महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.८६ होता, २०१९-२१ मध्ये १.७ झाला.

इथवर ही गोष्ट सरळ प्रगतीची वाटेल. जळगाव जिल्ह्याने तिला लावलेला फाटा असा: शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८८०, २०११ मध्ये ८४२. राज्यातल्या अगदी तळाच्या जिल्ह्यांत जळगाव गेले. केळी, ठिबक, सोन्याच्या पेढ्या, कॉलेजे, सगळे असलेला जिल्हा. पोरे कमी हवीत हे ठरले, आणि कमी म्हणजे कोण कमी हेही त्याच वेळी ठरले. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता, हे इथे आठवून अधिकच लाज वाटते.

याचे मूळ मी पुन्हा कामातच शोधतो. पैसा आला तशी सधन घरातली बाई शेतातून घरात आली. तिने बांधावर न जाणे ही प्रतिष्ठा झाली. चक्की, नळ, गॅस यांनी घरातले तिचे काम लोकांच्या नजरेला दिसेनासे केले. जिचे काम दिसत नाही तिचे देज कोण देणार? देजाच्या जागी हुंडा आला आणि मुलगी खर्चाच्या खात्यात गेली. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला, त्यानंतरच्याच दशकांत मोटारसायकल आणि तोळ्यांचे आकडे वाढले. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीसाठी आजही झोके बांधले जातात. सासरच्या कामातून तिला चार दिवस सुटका देणारा हा खानदेशाचा सण, आणि त्याच जिल्ह्यात दर हजारी दीडशेवर लेकी कमी.

आता पश्चिमेला, सातपुड्याकडे जाऊ. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा साक्षरतेत राज्यात शेवटचा. २०११ मध्ये तिथे याच वयोगटात हजार मुलांमागे ९४४ मुली होत्या. भिल्ल-पावऱ्यांत देज अजून आहे, बाई अजून शेतात, जंगलात, मजुरीला आहे, आणि मुलेही जास्त आहेत. याला आदिवासी संस्कृतीची थोरवी म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही. त्या मुलींच्या वाट्याला काय येते तेही पाहावे. पश्चिम खानदेशातून दक्षिण गुजरातच्या उसाकडे जाणाऱ्या मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दीर्घकाळ काम केले आहे. तिथे मजुरीचे एकक माणूस नसून ‘कोयता’ असतो: एक तोडणारा, एक मोळी बांधणारी, आणि बरोबर मदतीला पोर. जोडीशिवाय कोयता नाही, म्हणून लग्ने लवकर. आणि पाल सांभाळायला, धाकटे घ्यायला मोठी पोरगी हवी, म्हणून तिची शाळा हंगामापुरती संपते. शहाद्याच्या परिसरात १९७१-७२ पासून अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या लढ्यात भिल्ल बायका मजुरीसाठी आणि दारूविरुद्ध पुढे आल्या, गुत्ते फोडत गावोगाव फिरल्या. त्यांच्या मागण्यांत कामाचे मोल होते, कारण त्यांना ते मोल पक्के ठाऊक होते.

खानदेशाची ही दोन टोके एकमेकांपासून तुटलेली नाहीत. बीटी कापूस २००२ नंतर आला, फवारणी बदलली, बियाणे बदलले, पण वेचणी हातानेच होते. बोंड एकदम फुटत नाही, तीन-चार वेळा रानात जावे लागते, आणि लहान तुकड्यांच्या शेतात यंत्र शिरत नाही. एक-दोन मुले आणि ‘ऑपरेशन’ झालेल्या घरात वेचायला आता कोणी नाही. मुलगा पुण्यात, मुलगी असलीच तर कॉलेजात. म्हणून दिवाळीच्या आगेमागे चोपडा, यावल, रावेरच्या रानात सातपुड्यातून आणि पलीकडच्या बडवाणी-खरगोनकडून पावरा-बारेला कुटुंबे उतरतात, किलोवर वेचतात. नवरा, बायको, मोठी पोरगी, तिच्या कडेवर धाकटे. जळगावचे लहान कुटुंब या मोठ्या कुटुंबांच्या हातांवर चालते, आणि लोकसंख्येच्या तक्त्यांत दोघांचे जिल्हे वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतात.